कर्जतजवळची पाच दिवसांची मौन रिट्रीट, माझा अनुभव (मोठा आहे, सवडीने वाचा)

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, तिघीचौघींनी विचारलं की रिट्रीट कशी होती, जायचं का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. जागेचं नाव देत नाहीये कारण काही गोष्टी खटकल्या त्याही लिहिणार आहे, आणि त्या मी निघताना तिथल्या सिस्टरना समोरासमोर सांगून आलेय, त्यांनी वहीत लिहूनही घेतल्या, मग आता चारचौघांत नाव घेऊन काय मिळवायचं. कुणाला खरंच जायचं असेल तर मिस्सानंतर (देवळातल्या उपासनेनंतर) मला भेटा, मी नंबर देते.

मी का गेले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी आमच्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीत सहा वर्षं आहे. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी सुरू केली आणि तेव्हापासून तिचं मुख्य काम एकच, घरी जाऊन भेटणं. पाकीट देणं, धान्य देणं नंतर, आधी भेटणं. तर मार्च महिन्यात आम्ही एका आजोबांकडे गेलो, त्यांची बायको जाऊन महिना झाला होता. मी नेहमीसारखी बसले, धीर धरा म्हटलं, ती आता प्रभूजवळ आहे म्हटलं, रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, करत जा म्हटलं, संध्याकाळी देवळात येत जा म्हणजे मन रमेल म्हटलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत उठले कारण अजून दोन घरं बाकी होती. दारापर्यंत सोडायला आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला याल तेव्हा मी काय सांगत होतो ते सांगेन." राग नव्हता त्यांच्या आवाजात. मी स्कूटर सुरू केली आणि घरी येईपर्यंत आठवत राहिले की ते काय सांगत होते, आणि मला एक वाक्य आठवेना. एकही नाही. मी काय काय बोलले ते सगळं आठवत होतं.

मग लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, तू प्रार्थनेत किती वेळ बोलतेस आणि किती वेळ गप्प असतेस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी प्रार्थना म्हणजे यादी, सासूबाईंचे गुडघे, मुलाची परीक्षा, नवऱ्याची नोकरी, मग तेर्स, मग आमेन आणि उठायचं. फादर म्हणाले मौन साधनेला जाऊन ये. ऑगस्टची बॅच मिळाली.

आता जागा. वसईहून दादर, दादरहून कर्जत लोकल, तिथून रिक्षा, अर्धा तास लागतो. शेवटचा रस्ता पावसात खराब आहे, रिक्षावाले जास्त मागतात, स्टेशनवरूनच ठरवून निघा. दुमजली साधी इमारत, मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं, आणि पावसाचा पत्र्यावर पडणारा आवाज हा पाच दिवस चोवीस तास होता. प्रत्येकाला वेगळी खोली, एक कॉट, एक टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस, बास. पंखा आहे. गादी पातळ आहे, पाठीचा त्रास असेल तर घरून चादर नाही एक जाड गोधडीच न्या. गरम पाणी सकाळी साडेपाच ते सातच. पाच दिवसांचे राहणं-जेवण धरून मी सहा हजार दिले, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून जमेल तेवढं घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं, कुठलीही विचारपूस न करता. जेवण साधं आणि चांगलं, वरण-भात, भाजी, एक दिवस मासे, एक दिवस अंडा करी, नाचणीची भाकरी दोनदा. सगळे जण गप्प बसून जेवतात. पहिल्या जेवणाला स्टीलच्या ताटावर चमच्यांचा आवाज इतका मोठा वाटला की मला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी त्याच ताटात मला कळलं की मी डाळीत जिरं आहे का मोहरी हे सुद्धा इतक्या वर्षांत कधी लक्ष देऊन खाल्लं नव्हतं.

पोचल्या पोचल्या फोन एका कापडी पिशवीत घालून जमा करतात, नंबर मिळतो. ऑफिसच्या लँडलाइनचा नंबर घरी देऊन ठेवता येतो, तातडीचं काही असेल तर बोलावतात. हे फार चांगलं केलंय. पण एक-दोघांनी दुसरा फोन लपवून आणला होता आणि रात्री बाथरूममध्ये बोलत होते, भिंती पातळ, सगळं ऐकू येतं, आणि संचालकांनी ह्याकडे थोडं कडक बघायला हवं असं मला वाटतं.

दिवस कसा असतो ते थोडक्यात. सकाळी सव्वासहाला घंटा, दिवसभरात एक-एक तासाच्या चार प्रार्थना, त्या तुम्ही कुठेही बसून करा, खोलीत, चॅपेलमध्ये, व्हरांड्यात. संध्याकाळी मिस्सा, रात्री नऊ ते दहा साक्रामेंताची, म्हणजे पवित्र भाकरीसमोरची, आराधना. आणि रोज अर्धा तास तुमच्या मार्गदर्शकाबरोबर भेट. मला एक सिस्टर दिल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या घाटावरच्या असाव्यात कारण बोलणं तसं होतं. ह्या पाच दिवसांत मला जे मिळालं त्यातलं अर्ध्याहून जास्त ह्या अर्ध्या तासात मिळालं.

त्या काहीच करत नाहीत, फक्त ऐकतात. हे वाचून तुम्हाला वाटेल त्यात काय. पहिल्या दिवशी मी गेले आणि सवयीने भराभरा बोलायला लागले, आजोबांचं, सासूबाईंचं, घराचं, आणि माझं वाक्य संपलं तरी त्या लगेच काही बोलल्या नाहीत. त्यांचे हात मांडीवर उलटे ठेवलेले, तळवे वर, एका बोटाला सुईचं काम केल्यासारखा घट्टा, आणि नजर माझ्यावर पण रोखलेली नाही. बाहेर पाण्याची मोटर चालू होती, ती बंद झाली. मी गप्प. त्या गप्प. मग माझ्या तोंडून असं काही बाहेर पडलं जे मी सांगायला आलेच नव्हते, की मला लोकांचं दुःख ऐकायची भीती वाटते म्हणून मी आधीच बोलून टाकते. मी स्वतःच दचकले. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "हं. हे देवाला सांगितलंस का?" आणि अर्धा तास संपला.

आमच्याकडे इतके जण सल्ला देणारे आहेत, मी स्वतः त्यांतली. पण माझं बोलणं संपल्यावर कोणी इतका वेळ थांबलंय हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि ऐकणं म्हणजे काय हे मला कानाने नाही, असं कोणीतरी माझं ऐकल्यावर कळलं.

ही पद्धत जेझुइट संघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची आहे हे बहुतेकांना माहीत असेल. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत गोष्ट सांगितली. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, मग लोयोला गावच्या घरी महिनोन्महिने अंथरुणावर. वाचायला त्याला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, त्या घरात नव्हत्या, मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा, एक राजदरबारातल्या बाईसाठी पराक्रम करायची आणि दुसरी संतांसारखं जगायची. दोन्ही रंगवताना मजा यायची, पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा. हा फरक त्याच्या लक्षात आला तिथून सगळं सुरू झालं. देवाचा आवाज म्हणजे कानात कोणी बोलणं नाही, मनात काय उमटतं, कुठून येतं आणि मागे काय ठेवून जातं ते धीराने बघत राहणं. म्हणून प्रत्येक तासाच्या प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं वहीत लिहायला सांगतात, काय वाटलं, कुठे मन लागलं, कुठे कोरडं गेलं. मी आधी हे शाळेच्या गृहपाठासारखं करत होते, चौथ्या दिवशी मागची पानं उलटली तेव्हा दिसलं की एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सहा वेळा आलीय.

आणखी एक. मार्गदर्शकाने मुद्दे थोडक्यात द्यावेत, फार समजावत बसू नये, देव आणि माणूस यांच्यामध्ये येऊ नये, तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, हे इग्नेशियसने त्याच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. म्हणजे सिस्टरचं गप्प राहणं हा त्यांचा स्वभाव तर आहेच पण ते शिकून घेतलेलंही आहे. मला हे कळल्यावर धीर आला. म्हणजे मलाही शिकता येईल.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या दिवसाला एकच उतारा दिला, बायबलमधलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक, तिसरा अध्याय. चार तास तेवढंच. मला पाठ आहे हो ती गोष्ट, रविवारच्या धर्मशिक्षणात मीच मुलांना शिकवते, देव शमुवेलाला हाक मारतो, तो म्हणतो बोल, तुझा दास ऐकत आहे. पहिला तास झोप आली. दुसरा तास कंटाळा. दुपारी व्हरांड्यात बसून परत वाचलं आणि पहिल्यांदा दिसलं की शमुवेल देवाची हाक ऐकून उठून जातो तो एली ह्या याजकाकडे, तीनही वेळा. ज्याची नजर मंदावलीय अशा म्हाताऱ्याकडे. त्याला वाटतं त्यानेच बोलावलं. म्हणजे देवाची हाक त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाकेसारखीच ऐकू आली. आणि तो रात्री तीनदा उठून गेला, एकदाही कुरकुर नाही, म्हणून तर चौथ्यांदा त्याला कळलं. मला सासूबाई आठवल्या, त्या हाक मारतात तेव्हा मी ओट्यावरूनच "काय हो आई?" म्हणून ओरडते, वळत सुद्धा नाही. पुढचा तास मी काही वाचलं नाही. नुसती बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी बार्तिमय, मार्कच्या शुभवर्तमानातला यरीहोचा आंधळा. तो ओरडतोय आणि लोक त्याला गप्प बस म्हणतायत. येशू यरुशलेमला निघालाय, पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला माहीत आहे, तरी तो थांबतो. आणि समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवंय हे शेंबडं पोर सांगेल, तरी विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मी सहा वर्षं घरं फिरतेय, हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नाही. मला आधीच माहीत असायचं की त्यांना काय हवंय.

आता खटकलेल्या गोष्टी, मनापासून सांगते कारण जागा चांगली आहे आणि अजून चांगली व्हावी. सगळ्यात मोठी तक्रार भाषेची. मार्गदर्शक मराठीतून बोलतात पण छापील कागद सगळे इंग्रजी. माझ्या शेजारच्या खोलीत पालघरकडची एक मावशी होती, ती तो कागद हातात धरून बसायची आणि चित्र बघायची, मग सिस्टरनी तिला उतारे वहीत हाताने मराठीत लिहून दिले, रोज रात्री जागून. आपल्याकडे मराठीतून किती सुंदर लिहिणारे झाले, नारायण वामन टिळकांच्या अभंगांपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या सुबोध बायबलपर्यंत, मग एका पानाचं भाषांतर करायला काय हरकत आहे. मराठी बॅचही मला वर्षातून एकच आहे असं सांगितलं गेलं, ती वाढवा.

दुसरं, चॅपेलला जायला चाळीसेक पायऱ्या, मधल्या वळणावर कठडा नाही, शेवाळ असतं. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर तळमजल्यावरची छोटी प्रार्थनेची खोली आहे ती विचारून घ्या. तळमजल्याच्या खोल्यांना ओल आहे, वरच्या मागा. शनिवारी रात्री पलीकडच्या फार्महाऊसवर डीजे लागला तो साडेबारापर्यंत, ह्यात ह्या लोकांचा दोष नाही. आणि चौथ्या दिवशी एका पाहुण्या वक्त्यांचं दीड तासाचं भाषण ठेवलं होतं, प्रोजेक्टर लावून, विषय मौनाचं महत्त्व. माणूस विद्वान होता पण तीन दिवस जे साठलं होतं ते त्या दीड तासात सांडलं, मला परत जागेवर यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. हे बंद करावं.

शेवटच्या संध्याकाळी मौन सोडतात, आणि ते ज्या पद्धतीने सोडतात ते मला फार आवडलं. सहा-सहा जणांचे गोल. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन मिनिटं आपल्याला काय मिळालं ते सांगायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही, मग तीन मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं नाही बोलायचं, दुसऱ्यांचं ऐकताना आपल्या आत काय हललं ते सांगायचं. परत शांतता, मग तिसऱ्या फेरीत सगळ्यांना मिळून काय ऐकू आलं ते. पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात जी धर्मसभा भरवली ती ह्याच पद्धतीने, गोल टेबलांभोवती, कार्डिनल आणि साध्या बाया-बाप्ये शेजारी शेजारी बसवून. दुसरी फेरी फार अवघड आहे. कारण पहिल्या फेरीत समोरचा बोलत असताना मी आपलं काय बोलू ते जुळवत होते आणि दुसऱ्या फेरीला माझ्या पदरात काहीच नव्हतं. मी तसं कबूल केलं. ती पालघरची मावशी मात्र बाकी सगळ्यांचं, एकेकाचं नाव घेऊन, काय काय म्हणाले ते सांगत गेली, आणि माझ्याबद्दल म्हणाली की ही ताई हसत बोलते पण तिचा आवाज मध्येच बारीक होतो. पाच दिवसांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

त्याच गोलात सिस्टरनी सांगितलं की १५४६ साली चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेला निघालेल्या आपल्या सोबत्यांना इग्नेशियसने लिहून दिलं होतं, बोलायची घाई करू नका, शांतपणे ऐका, बोलणाऱ्याचा अर्थ, त्याचा कल, त्याची इच्छा काय ते समजून घ्या. एवढी मोठी परिषद, सगळ्या युरोपभरचा वाद, आणि आपल्या सगळ्यात हुशार माणसांना त्याने आधी हे सांगितलं.

कोणी जावं? ज्यांना प्रार्थनेत बोलायला खूप आहे पण पुढे काही होत नाही असं वाटतं त्यांनी जरूर. धर्मग्रामात काम करणाऱ्यांनी, धर्मशिक्षण देणाऱ्यांनी, माझ्यासारख्या सोसायटीवाल्यांनी तर नक्कीच. पण घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि बुकिंग करतानाच सिस्टरना सांगा, पाच दिवसांचं मौन झेपेलच असं नाही, त्या दोन दिवसांची साधनाही देतात. सोबत छत्री, बॅटरी, वही, सुबोध बायबल आणि गोधडी. पुस्तकं नेऊ नका, मी तीन नेली होती, सिस्टरनी हसून ठेवून घेतली. माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क त्या इंग्रजी कागदांसाठी आणि भाषणासाठी कापला.

आल्यावर आजोबांकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा आम्ही नुसता चहा प्यायलो आणि त्यांनी बायकोचा जुना रेडिओ दाखवला. दुसऱ्यांदा ते जे सांगायचं होतं ते बोलले. ते त्यांचं आहे, मी इथे लिहिणार नाही.

आणि सासूबाई. आमच्या वाडीत पूर्वी बावखल, म्हणजे छोटं तळं, होतं, दीर-सासऱ्यांनी ते बुजवून प्लॉट पाडला, ही गोष्ट त्या मला बावीस वर्षं सांगतायत, आठवड्यातून एकदा तरी, आणि मी त्यांचं वाक्य पूर्ण करून मोकळी होते, हो आई, मग ट्रक आले, मग भराव टाकला, माहीत आहे मला. मला नेहमी वाटायचं की हे जमिनीच्या वाटणीचं रडगाणं आहे. परवा संध्याकाळी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो आणि त्यांनी परत सुरू केलं. मी काही बोलले नाही. ट्रक आले, भराव झाला, गोष्ट संपली. मी वाल सोलत राहिले. चार-पाच दाणे झाले असतील, मग त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मी तिथे बसायची गं. लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात मला कोण विचारायचं. कपडे धुवायचं निमित्त करून जायची आणि देवाला सगळं सांगायची. तिकडून तो पण बोलायचा. आता मी कुठे जाऊ?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, देवळात आराधनेची खोली आहे ना, मी सोडते तुम्हाला रोज. मी ते गिळलं आणि अजून मूठभर वाल पुढे ओढले. मग त्या सांगत गेल्या, काठावर जांभळाचं झाड होतं, त्यावर एक खंड्या यायचा, पाणी उन्हाळ्यात कुठवर खाली जायचं, कुठल्या दगडावर बसायच्या. ते वाल सोलून व्हायला साडेनऊ वाजले. बिरडं दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि त्या रात्री घरात सगळ्यांनी भात आणि सुकटीची चटणी खाल्ली.